उभ्याने वाजवणाऱ्याची बैठक

संध्याकाळी अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या फलाटावर एक ओळखीचे दृश्य दिसते. महाविद्यालय आटोपून संगीताच्या वर्गाला निघालेला एखादा मुलगा किंवा मुलगी, पाठीवर जवळजवळ चार फूट लांबीची काळी पिशवी, आणि गाडी येताच ती पोटाशी कवटाळून डब्यात शिरण्याची धडपड. पिशवी नेहमीच्या गिटारपेक्षा जरा अधिक लांब व जड वाटली, तर आत बेस गिटार आहे असे समजावे. उपनगरांतील भक्तिसंध्या, नवरात्रातील दांडिया-रास, सोसायटीचे स्नेहसंमेलन, महाविद्यालयीन महोत्सव या सर्व ठिकाणी आता हे वाद्य रुळले आहे. श्रोत्यांचे लक्ष गायकाकडे असते. परंतु नकळत पायाला ठेका धरायला लावणारा तो खोल, घुमणारा नाद बेसचा असतो.

पुढचा प्रसंग बहुधा घरात, आरशासमोर घडतो. नवे वाद्य गळ्यात अडकवून मुलगा स्वतःला न्याहाळतो. एखाद्या आवडत्या परदेशी वादकाचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि त्या चित्रात बेस मांड्यांपर्यंत लोंबत असते. तो पट्टा सैल करतो, आणखी सैल करतो. रूप जमते. अर्ध्या तासाने डाव्या मनगटात कळ येते, बोटांना मुंग्या येतात, खांदा भरून येतो. असे काही आठवडे गेले की घरात चर्चा सुरू होते : वाद्य फार जड आहे, मुलाचा हात लहान आहे, अभ्यासाच्या वयात हे कशाला? कधी कधी वाद्य कपाटावर जाते आणि तिथेच राहते. दोष मुलाच्या हाताचा नसतो, वाद्याचाही नसतो. तो पुष्कळदा पट्ट्याच्या चार-पाच इंचांत असतो.

आधी बैठक, मग स्वर

आपल्याकडे सतार, सरोद वा तबला शिकायला गेलेल्या शिष्याला गुरू पहिल्या दिवशी राग शिकवत नाहीत. ते बसायला शिकवतात. सतारीचा भोपळा कुठे टेकवायचा, दांडी किती तिरकी ठेवायची, पाठ कशी ताठ असावी, हे ठरल्यावाचून बोट तारेवर जात नाही. ‘बैठक’ या एका शब्दात आसन, अंगवळण आणि मैफल हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत, ते उगाच नव्हे. जे वाद्य उभ्याने वाजवायचे, तिथेही हाच विचार आहे. वारीत चालणारा मृदंगवादक मृदंग गळ्यात अडकवतो तो अशा बेताने, की दोन्ही तळहात दोन्ही पुड्यांवर सहज पडावेत. त्याच्या पट्ट्याची लांबी शोभेने नव्हे, हाताने ठरवलेली असते.

बेस गिटारचा पूर्वज म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बेस. माणसाहून उंच असे ते वाद्य जमिनीवर टेकवून वाजवतात. त्याचा भार जमीन वाहते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, आणि खर्जाचे हे वाद्य गिटारसारखे आडवे होऊन वादकाच्या खांद्यावर आले. वाहतूक सोपी झाली, पडद्यांमुळे स्वर अचूक लागू लागला. मात्र जमिनीवरचा भार माणसाच्या अंगावर आला. साधारण साडेतीन ते साडेचार किलोचे हे ओझे कोठे आणि कसे टांगायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक बेसवादकाचा झाला. त्याचे उत्तर पट्ट्यात आहे. पट्टा हीच उभ्याने वाजवणाऱ्याची बैठक.

दोन मनगटांचा हिशेब

बेस वाजवताना दोन हात दोन वेगळी कामे करतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्या वादकाचा डावा हात दांडीवरील पडद्यांपाशी तारा दाबतो आणि उजवा हात त्या छेडतो. वाद्याची उंची बदलली की दोन्ही मनगटांचे कोन बदलतात, आणि तेही परस्परांच्या उलट दिशेने. खरी अडचण इथेच आहे.

वाद्य फार खाली टांगले तर उजवा हात सरळ लोंबतो आणि सुखात राहतो. पण डाव्या हाताला दांडीखालून वळसा घालून जाड खर्जाच्या तारेपर्यंत पोचावे लागते. मनगट तीव्र कोनात मुडपते, अंगठा दांडीच्या वरून डोकावू लागतो, बोटांची पोच कमी होते. पडदे पाहण्यासाठी वादक वाकतो आणि मान-पाठीचे दुखणे ओढवून घेतो. याउलट वाद्य छातीपर्यंत चढवले तर डावे मनगट सरळ होते, पण उजवे कोपर वाद्याच्या धडावरून उचलले जाते आणि हात वरून तारांवर उतरताना उजवे मनगट मुडपते. म्हणजे एका मनगटाचे सुख दुसऱ्याच्या खर्चाने मिळते. योग्य उंची म्हणजे दोघांचा समझोता : दोन्ही मनगटे शक्य तितकी सरळ, आणि जो थोडा वाक उरेल तो दोघांनी वाटून घेतलेला.

मनगटाच्या वाकण्याला एवढे महत्त्व का, हे शरीररचनेवरून समजते. तळहाताच्या मुळाशी हाडे व एक घट्ट पट्टी यांच्यामध्ये अरुंद बोगद्यासारखी वाट असते. तिच्यातून बोटे मिटवणाऱ्या ९ कंडरा आणि एक प्रमुख मज्जातंतू जातो. मनगट पुढे वा मागे फार वाकले की या वाटेतील दाब वाढतो. त्याच अवस्थेत बोटांनी जोर लावून तासन्‌तास वाजवले, तर कंडरांना सूज येऊ शकते आणि मज्जातंतू चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची आतली बाजू बधिर होणे, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे, ही त्याची खूण. संगणकावर दिवसभर काम करणाऱ्यांना हा विकार ठाऊक आहे. वादकालाही तो सोडत नाही.

पायाभूत उंची : खुर्चीवरून उठताना

योग्य उंची शोधण्याची सर्वांत सोपी रीत खुर्चीवर सुरू होते. हात नसलेल्या खुर्चीवर, पावले जमिनीवर सपाट टेकवून ताठ बसावे. वाद्य उजव्या मांडीवर ठेवावे, दांडी जमिनीला समांतर न ठेवता थोडी वर उचललेली असावी. साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन बहुतेकांना सोयीचा पडतो. खांदे सैल सोडावेत. डाव्या हाताने पहिल्या पडद्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत सरकून पाहावे. कोठेही कोपर बरगडीत रुतत नसेल आणि मनगट मुडपत नसेल, तर ती जागा ठीक.

आता याच अवस्थेत पट्टा अडकवून तो इतका घट्ट करावा, की त्यात सैलपणा उरू नये. मग उभे राहावे. वाद्य जागचे हलले नाही, तर पायाभूत उंची सापडली. बहुतेकांच्या बाबतीत वाद्याच्या धडाचा मध्य बेंबीच्या आसपास किंवा किंचित वर येतो. घरी रियाज बसून आणि कार्यक्रम उभ्याने, अशी ज्यांची पद्धत असते, त्यांना या रीतीचा मोठा लाभ होतो. बसून साधलेला हात उभ्याने बिघडत नाही. कारण हाताच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. पुष्कळ विद्यार्थी घरी बिनचूक वाजवतात आणि मंचावर चुकतात. ती घबराट असतेच असे नाही. कित्येकदा वाद्य सहा इंच खाली गेलेले असते, एवढेच.

तंत्राप्रमाणे दोन बोटे वर, दोन बोटे खाली

पायाभूत उंची सर्वांसाठी अखेरची नसते. वाजवण्याची रीत बदलली की तीत थोडा फरक करावा लागतो.

तर्जनी व मध्यमा आळीपाळीने चालवून तार छेडणे ही सर्वाधिक प्रचलित रीत. तिला पायाभूत उंचीच मानवते. अंगठा पिकअपवर टेकवण्याची सवय असेल आणि वाद्य थोडे उंच असेल, तर उजवे मनगट वाकते. तेव्हा अंगठा एकाच जागी रोवून न ठेवता बोटांबरोबर तारांवरून सरकता ठेवावा, आणि हाताचा भार वाद्याच्या कडेवर रेलू नये. एवढ्यानेही मनगट बरेच सरळ होते.

नखीसारख्या त्रिकोणी तुकड्याने, म्हणजे पिकने वाजवणाऱ्याचा हात कोपरापासून हलतो आणि तळव्याची कड घोडीपाशी तारांवर टेकून नाद आखूड करता येतो. त्याला वाद्य दोन-तीन बोटे खाली सोयीचे पडते. गुडघ्यापर्यंत लोंबणारी बेस ज्या रॉक वादकांच्या चित्रांत दिसते, त्यांतील पुष्कळ जण, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या रमोन्स या वाद्यवृंदाचे डी डी रमोन, पिकनेच वाजवणारे होते. चित्रावरून पट्ट्याची लांबी उचलताना त्यांची वाजवण्याची रीतही पाहायला हवी. दुसरीकडे लॉस एंजेलिसच्या ख्यातनाम ध्वनिमुद्रण-वादक कॅरोल के यांनीही पिकनेच असंख्य गीतांना बेस दिली. पण ती स्टुडिओत, खुर्चीवर बसून. आपल्या चित्रपटसृष्टीत राहुलदेव बर्मन यांच्या गीतांना बेस देणारे टोनी वाझ यांच्यासारखे वादकही मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या जगातले. कान ज्यांना ओळखतात, त्यांतल्या अनेकांना पाहणारे डोळेच समोर नव्हते.

तिसरी रीत स्लॅपची : अंगठ्याच्या हाडाने तारेवर आघात करायचा आणि तर्जनीने दुसरी तार ओढून सोडायची. १९६० च्या दशकात अमेरिकेतील लॅरी ग्रॅहम आपल्या आईसोबत कार्यक्रम करीत असत. साथीला ढोलवादक उरला नाही, तेव्हा त्याची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी ही रीत घडवली. यात कुलपात किल्ली फिरवावी तसा हात कोपरापुढून फिरतो. वाद्य उंच असले तर अंगठा तारांना जवळजवळ समांतर राहतो. खाली असले तर तो जमिनीकडे वळतो. इंग्लंडच्या लेव्हल ४२ चे मार्क किंग वाद्य चांगलेच उंच धरतात, तर रेड हॉट चिली पेपर्सचे फ्ली तुलनेने खाली. दोघेही या रीतीत पारंगत मानले जातात. म्हणून इथे एकच नियम नाही. मनगट न मुडपता ज्या उंचीवर अंगठा उसळून परत येतो, ती उंची आपली.

चौथी रीत टॅपिंगची. यात दोन्ही हातांची बोटे दांडीवरच आघात करतात. वरच्या पडद्यांवर स्वरसंघात वाजवतानाही हात दूरवर पोचवावा लागतो. या दोन्हींसाठी वाद्य दोन-तीन बोटे वर आणि दांडी अधिक उभी असलेली बरी.

एकाच कार्यक्रमात तिन्ही-चारही रीती लागत असतील, तर ज्या रीतीत सर्वाधिक वेळ जातो तिची उंची धरावी आणि बाकीच्यांसाठी दांडीचा कोन बदलावा. मधेच बक्कल सरकवण्यापेक्षा डावा हात चार बोटे वर उचलणे सोपे असते. उंची बदलायची झाल्यास एका वेळी साधारण एक इंचच बदलावी, आठवडाभर त्यावर वाजवावे आणि मगच निर्णय करावा. जमलेल्या जागी पट्ट्यावर रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला, की पिशवीतून काढल्यावर पुन्हा शोध नको.

लहान अंग, मोठे वाद्य

लहान मुलांच्या बाबतीत पट्टा एकटा पुरेसा नाही. प्रचलित बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. या वाद्यावर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरते. चार बोटांनी चार पडदे धरायचे तर एवढा ताण पडतो. ३० इंची आखूड बेसवर हेच अंतर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर होते आणि पहिला पडदाही शरीराच्या जवळ येतो. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसमुळे ओळखले जातात, ती अशीच आखूड आणि हलकी आहे. तेव्हा आखूड बेस म्हणजे खेळणे, असे समजण्याचे कारण नाही.

वजनाचाही विचार हवा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. हाच माप-दंड लावला, तर ३५ किलोच्या मुलाच्या एका खांद्यावर ४ किलोची बेस हे ओझे जास्तच ठरते. अशा वयात रियाज बसून, आणि उभ्याने वाजवणे थोडा वेळ, हेच हिताचे.

या संदर्भात मुंबईच्याच मोहिनी डे यांचे उदाहरण बोलके आहे. १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी यांनी वयाच्या तिसऱ्या वर्षी वडील सुजय डे यांच्याकडे बेसचे धडे घेण्यास आरंभ केला. सुजय स्वतः बेसवादक, तर आई गायिका. किशोरवयातच ज्येष्ठ ढोलवादक-संगीतकार रणजित बारोट यांनी त्यांना मंचावर संधी दिली. पुढे उस्ताद झाकिर हुसेन, ए. आर. रहमान, अमेरिकेचे गिटारवादक स्टीव्ह वाय अशा कलावंतांसोबत त्यांनी वाजवले, आणि २०२३ साली स्वतःच्या नावाचा संगीतसंग्रह प्रकाशित केला. स्लॅप, वेगवान बोटे आणि कर्नाटक पद्धतीच्या तोंडी बोलांशी अक्षरशः जुळवून वाजवलेली वाक्ये, हे सारे त्यांच्या एकाच वादनात येते. तीन वर्षांच्या मुलीला पूर्ण आकाराची बेस पेलणे शक्य नसते, हे सांगायला नको. वाढत्या अंगाबरोबर धरण्याची रीतही नव्याने बसवावी लागते, आणि घरात जाणता डोळा असला की ती वेळीच बसते. ज्या घरात असा डोळा नाही, तिथे पालकांनी निदान दर सहा महिन्यांनी मुलाची वाढलेली उंची आणि पट्ट्याचा टाका यांची सांगड घालून पाहावी.

पट्टा कसा असावा

वाद्याबरोबर फुकट मिळणारा दोन इंची निसरडा पट्टा बेससाठी अपुरा असतो. तीन इंच किंवा त्याहून रुंद पट्ट्याने तोच भार खांद्याच्या अधिक भागावर पसरतो. काही बेसची दांडी जड असते. हात सोडला की खुंट्यांकडचे टोक खाली झुकते. मग डावा हात स्वर दाबायचे सोडून दांडी उचलून धरण्यातच थकतो. अशा वेळी खांद्यावर न घसरणारे, खरखरीत अस्तर उपयोगी पडते. वाद्याचे वरचे शिंग बाराव्या पडद्याच्या जवळपास पोचत असेल, तर तोल मुळातच चांगला राहतो. खरेदीच्या वेळी दुकानात बसून नव्हे, तर पट्टा लावून उभे राहून आणि दोन्ही हात सोडून हे पाहून घ्यावे. पट्ट्याची टोके बटणातून निसटू नयेत म्हणून मिळणारी कुलुपे स्वस्त आहेत आणि वाद्य जमिनीवर आपटण्याच्या खर्चापुढे तर फारच स्वस्त.

जैन कुटुंबांत आणखी एक बाब पाहिली जाते. उत्तम पट्टा म्हणजे चामड्याचा, असा बाजाराचा समज आहे. पण रुंद सुती, जाड कॅनव्हासचा किंवा मऊ कृत्रिम रबराचे अस्तर असलेला पट्टा भार पेलण्यात मुळीच कमी पडत नाही. मात्र विणलेल्या पट्ट्यांच्याही दोन टोकांना, जिथे बटण अडकते तिथे, पुष्कळदा चामड्याचेच तुकडे शिवलेले असतात, आणि मखमलीसारखे दिसणारे अस्तर कधी कधी चामड्याचेच निघते. म्हणून केवळ मधला भाग पाहून समाधान मानू नये. टोके आणि अस्तर कशाचे आहे, हे विचारूनच घ्यावे.

दुखणे ही सूचना, परीक्षा नव्हे

नव्या बेसवादकाच्या बोटांची अग्रे सुरुवातीला हुळहुळतात. ते स्वाभाविक आहे आणि काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगटातील कळ, बोटांचा बधिरपणा, कोपरापासून पसरणारी वेदना किंवा मानेचा ताठरपणा हे मात्र स्वाभाविक नव्हे. ‘सहन केले की हात तयार होतो’ हा सल्ला इथे घातक ठरतो. वाजवणे थांबवावे, उंची तपासावी, तारा घोडीपाशी फार उंच तर नाहीत हे पाहावे, कारण उंच तारांना अधिक जोर लागतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून हात मोकळे करावेत. एवढे करूनही मुंग्या किंवा बधिरपणा टिकला, तर अस्थिरोगतज्ज्ञ अथवा भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये, आणि जाताना वाद्य व पट्टा बरोबर न्यावा. कोन पाहिल्यावाचून कारण कळत नाही.

नवरात्रात बोरिवली-घाटकोपरच्या मैदानांवर तासन्‌तास उभे राहून वाजवणाऱ्या अनुभवी वादकांकडे एकदा निरखून पाहावे. त्यांचा पट्टा कोणाच्या चित्रावरून घेतलेला नसतो. नऊ रात्री पुरेल एवढेच त्यांना हवे असते, आणि पुरते ते फक्त सरळ मनगट.

घरातील तो आरसा म्हणूनच फेकून देण्याची गरज नाही. त्यात चेहऱ्याऐवजी मनगट पाहावे. दोन्ही मनगटे सरळ दिसली, खांदे समान रेषेत आले, मान वाकलेली नसली, की पट्टा तिथेच टाका घालून थांबवावा. कपाटावर गेलेली बेस खाली काढण्यासाठी कित्येक घरांत एवढेच पुरेसे असते : एक खुर्ची, एक बक्कल आणि खुर्चीवरून उठून पाहण्याची पाच मिनिटे.